स्त्री-अभ्यासाची इंटर्नशिप: कुठे करायची, काय करायचं आणि फुकट का करायची?

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)



आजचा भाग एका मेलवरून सुचला. आपली एक श्रोती एमए करतेय, विषय स्त्री-अभ्यास. ती विचारते, "अभ्यासक्रमात इंटर्नशिप आहे. मुंबईतल्या एका संस्थेने हो म्हटलंय, पण पैसे देणार नाहीत. दोन महिने मुंबईत राहायचं तर घरून पैसे मागावे लागतील आणि घरी तेवढे नाहीत. काय करू?"

आता तुम्ही म्हणाल, कोड लिहिणारी बाई या विषयावर काय सांगणार? बरोबर आहे. स्त्री-अभ्यास मी शिकलेली नाही. पण माझ्या दोन जवळच्या मैत्रिणी यातच एमए झाल्या, त्यांना मी भरपूर पिडलं, बरंच वाचलं आणि काही नियम मुळातून बघितले. शिवाय या प्रश्नाचा एक भाग हिशेबाचा आहे आणि एक भाग फोनच्या सुरक्षिततेचा. तिथे मला जरा बोलता येतं.

आधी, हा विषय आहे काय?

पटकन सांगते, कारण ऐकणाऱ्यांत माझ्यासारखे इंजिनिअरिंगवालेही आहेत.

१९७४ मध्ये भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवर एक मोठा सरकारी अहवाल आला, 'टुवर्ड्स इक्वालिटी'. फुलरेणू गुहा त्या समितीच्या अध्यक्ष होत्या आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. स्वातंत्र्याला पंचवीसेक वर्षं झाल्यावरही बायकांचं काम, आरोग्य आणि राजकारणातला वाटा यांत किती गोष्टी मागे पडल्यात, हे त्यात आकड्यांनिशी आलं. त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रियांवरच्या संशोधनाचं केंद्र सुरू झालं. पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ चं, आज ते क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री-अभ्यास केंद्र म्हणून ओळखलं जातं. शर्मिला रेगे यांनी तिथे जात आणि लिंगभाव एकत्र बघण्याचा अभ्यास उभा केला.

आणि हा विषय पहिल्यापासून वर्गाबाहेरचा आहे. दोन उदाहरणं देते.

पहिलं पुण्याचं. एसएनडीटीच्या प्रौढ शिक्षण विभागाची माणसं कचरावेचक बायकांमध्ये काम करत होती. या बायकांशी बोलता बोलता लक्षात आलं की यांचा मुख्य प्रश्न कामाचा आहे, त्या कामाला कोणी काम म्हणतच नाही. त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, म्हणजे कचरावेचकांची युनियन. पुण्यात ज्यांच्या दारात 'स्वच्छ'च्या ताई कचरा घ्यायला येतात, त्यांनी लक्षात घ्या, त्याची मुळं इथे आहेत.

दुसरं उदाहरण मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचं. आंबेडकरी चळवळीत भाग घेतलेल्या बायकांना या दोघी शोधत फिरल्या, भेटल्या, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. आज विद्यापीठात ज्याला मौखिक इतिहास म्हणतात, ते काम या दोघींनी पायी फिरून केलं.

म्हणून या विषयात इंटर्नशिप म्हणजे बायोडेटावरची एक ओळ एवढंच धरलं तर नुकसान आपलंच. विषयाचा अर्धा अभ्यास तिथेच होतो.

नियम काय म्हणतो?

नवीन शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात 'ऑन जॉब ट्रेनिंग' किंवा 'फील्ड प्रोजेक्ट' आलंय. त्याला ४ क्रेडिट. एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे एकूण १२० तास.

हा १२० चा आकडा लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

काही विद्यापीठांत किंवा संस्थांत वेगळी रचना असते, तिथे जास्त दिवसांचं क्षेत्रकार्य असतं. तेव्हा आपल्या विभागाचं माहितीपत्रक उघडून तास बघा. सीनियरने सांगितलं म्हणून दोन महिने धरू नका.

जागा कुठे कुठे असतात?

मैत्रिणींशी बोलून मी कामाचे पाच प्रकार केले. संस्थांची नावं घेते ती काम कळावं म्हणून. या वर्षी त्यांच्याकडे जागा आहे की नाही, ते त्यांनाच विचारायचं.

पहिला प्रकार, हिंसाचारग्रस्त बायकांना आधार देण्याचं काम. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात बसलेली समाजकार्यकर्ती, अशी ती कल्पना. पुढे महाराष्ट्रात असे कक्ष अनेक ठिकाणी निघाले. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 'सेहत' ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते दवाखान्याच्या आतच. 'पडले' म्हणून सांगणाऱ्या बाईला खरंच काय झालं ते ओळखायचं, हा त्यामागचा विचार.

दुसरा, कागदपत्रं आणि आठवणी जपण्याचं काम. मुंबईत 'स्पॅरो' नावाचा संग्रह आहे, १९८८ पासूनचा. बायकांचे आवाज, फोटो, पत्रं, पोस्टर असं सगळं तिथे जपलं जातं. ज्यांना माणसांशी सतत बोलणं झेपत नाही पण बारकाईने काम करायला आवडतं, त्यांच्यासाठी ही दिशा उत्तम.

तिसरा, संघटनेचं काम. कचरावेचकांची पंचायत सांगितलीच. शेतकरी स्त्रियांसाठी 'मकाम', म्हणजे महिला किसान अधिकार मंच आहे. २०१८ मध्ये त्यांनी विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या झालेल्या शेतकरी कुटुंबांतल्या बायकांची पाहणी केली होती. जमीन नावावर झाली का, पेन्शन मिळते का, असे प्रश्न.

चौथा, लिहिणं आणि माध्यमं. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेलं 'मिळून साऱ्याजणी' मासिक तुमच्यापैकी काहींच्या घरी आईने, आजीने वाचलं असेल.

पाचवा प्रकार बरेच जण विसरतात, तो म्हणजे सरकारी यंत्रणा. आणि हा तुमच्या स्वतःच्या जिल्ह्यात असतो! सखी वन स्टॉप सेंटर आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत. बचतगटांचं काम बघणारं 'माविम', म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ पासूनचं. गावोगावचे बचतगट जोडणारं 'उमेद' अभियान आहे. इथे काम शिकायला मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. पण विभागाचं पत्र लागतं, आणि साहेबांची सही मिळायला दोन-तीन चकरा होतात. एखादा महिना आधीच सुरुवात करा.

दिवसभर करतात काय?

सिनेमात दाखवतात तसं पहिल्या दिवशी तुम्ही कुणा पीडितेला न्याय मिळवून देत नाही. आणि कोणी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात एकटीने समुपदेशनाला बसवलं, तर सावध व्हा. ते तुमच्यासाठी बरं नाही आणि समोरच्या बाईसाठी तर अजिबातच नाही.

खरं काम असं असतं. मुलाखतींच्या रेकॉर्डिंगवरून मजकूर उतरवणं. एका तासाच्या बोलण्याला चार-सहा तास सहज जातात, आणि बोली अनोळखी असेल तर त्याहून जास्त. जुन्या केसच्या नोंदी एक्सेलमध्ये भरणं. बैठकीचं इतिवृत्त लिहिणं. मराठी माहितीपत्रकाचं इंग्रजी, किंवा उलटं. कार्यकर्तीसोबत वस्तीत जाणं, कोर्टात जाणं आणि तासन्‌तास बाकड्यावर बसून तारीख पडताना बघणं.

कंटाळवाणं वाटतं ना? पण माझी एक मैत्रीण सांगते की सगळ्यात जास्त ती नोंदवही भरताना शिकली. नोंदीत 'तक्रारीचं कारण' असा एक रकाना होता आणि पर्याय होते पाच. बायका सांगत होत्या ते त्या पाचांत बसतच नव्हतं. नवरा मारत नाही, पण फोन काढून घेतो. सासू उपाशी ठेवत नाही, पण सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं देते. हे 'इतर'मध्ये जात होतं. महिन्याच्या शेवटी 'इतर' सगळ्यात मोठं झालं. तिने ते दाखवलं आणि संस्थेने रकाना बदलला.

हे मला एकदम कळलं, कारण आमच्याकडेही असंच असतं. डेटाबेसमध्ये जो कॉलम नाही, तो प्रश्न सिस्टीमला दिसतच नाही.

आता पैशाचं बोलू

आमच्याकडे, म्हणजे इंजिनिअरिंगला, इंटर्नशिपचा पहिला प्रश्न असतो 'स्टायपेंड किती?' कोणी लाजत नाही. स्त्री-अभ्यासाच्या मुलींना हाच प्रश्न विचारताना अपराधी वाटतं. सामाजिक काम आहे, पैसे कसे मागायचे?

गंमत बघा. बायकांच्या बिनपगारी कामाला काम म्हणा, हे ज्या विषयाने आपल्याला शिकवलं, त्याच विषयातली मुलगी बिनपगारी काम करताना गप्प बसते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि ती कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं. शिवाय अशी कामं करणाऱ्या बायका ८१ टक्के आणि पुरुष २६ टक्के. हे आकडे पेपरात लिहून मार्क मिळवायचे, आणि स्वतःच्या तासांचा हिशेब मात्र करायचा नाही?

बिनपगारी इंटर्नशिपचा खरा तोटा पैशाच्या पुढचा आहे. ज्यांच्या घरी दोन महिन्यांचा खर्च उचलायची ऐपत आहे, त्याच मुली येतात. त्यांनाच अनुभव मिळतो, ओळखी होतात आणि पुढे नोकरीही. बीड-नंदुरबारची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी बाहेरच राहते. ज्या बायकांबद्दल संशोधन चालतं, त्यांच्याच घरातली मुलगी संशोधकांच्या टेबलापर्यंत पोचत नाही. म्हणजे जात आणि वर्ग मागच्या दाराने परत आत येतात.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. बऱ्याच छोट्या संस्थांकडे खरंच पैसे नसतात. परदेशी देणग्यांचा कायदा सप्टेंबर २०२० मध्ये बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी तिने दुसऱ्या संस्थेला द्यायची, हेही बंद झालं. मोठ्या संस्थांकडून छोट्यांकडे जो पैसा यायचा, तो आटला. अशा ठिकाणी ताईंचाच पगार दोन-दोन महिने थकलेला असतो. तेव्हा प्रत्येक 'पैसे नाहीत'मागे लबाडी असते असं नाही.

मग करायचं काय? हिशेब.

समजा, मुंबईत पीजीतली एक कॉट महिना ८,००० रुपये. मेस ४,०००. पास आणि रिक्षा १,०००. फोन, साबण, चहा असं मिळून १,०००. झाले १४,०००. दोन महिन्यांचे २८,००० आणि वर डिपॉझिट. तुमच्या शहराप्रमाणे आकडे बदला, पण कागदावर मांडा.

आणि आता तो १२० चा आकडा आठवा. दिवसाला ६ तास धरले तर १२० तास म्हणजे २० दिवस. आठवड्यातून तीन दिवस गेलात तर सात आठवडे. म्हणजे क्रेडिटसाठी दोन महिने परगावी राहायची गरजच नाही! संस्था दोन महिने म्हणत असेल, तर ती तिची गरज आहे. ती विनापैसे भागवायची का, हे तुम्ही ठरवायचं.

बोलून बघण्यासारखे चार पर्याय सांगते.

एक, स्टायपेंड नाही तर निदान प्रवास आणि जेवण. वस्तीत फिरायचा रिक्षाचा खर्च तर संस्थेनेच द्यायला हवा, तो त्यांच्या कामाचा खर्च आहे.

दोन, अर्धं काम घरून. रेकॉर्डिंग उतरवणं, भाषांतर, जुनी कागदपत्रं लावणं, यातलं बरंच घरून होतं. पहिला आठवडा तिकडे, मग घरी, शेवटी दोन दिवस परत तिकडे. फक्त कुठलं रेकॉर्डिंग बाहेर न्यायचं आणि कुठलं नाही, हे संस्था ठरवेल. त्याबद्दल पुढे बोलते.

तीन, राहायची सोय. काही संस्थांचं स्वतःचं प्रशिक्षण केंद्र किंवा वसतिगृह असतं. विचारल्याशिवाय कळत नाही.

चार, आपलाच जिल्हा.

पैसे मिळणाऱ्या जागाही आहेत. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची एक इंटर्नशिप योजना आहे, मोठ्या महानगरांबाहेरच्या मुलींसाठी. दोन महिने दिल्लीत, महिना २०,००० रुपये स्टायपेंड. अटी आणि तारखा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः वाचा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या लिंकवर अर्ज भरू नका. इंटर्नशिपसाठी तुमच्याकडून 'नोंदणी फी' मागणारं कुणीही असो, तिथून सरळ बाहेर.

आणि ती खूप गाजलेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना? २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हाच्या अटींप्रमाणे पूर्णवेळ शिकणाऱ्यांना आणि पदव्युत्तर पदवी झालेल्यांना ती नव्हती. त्यामुळे एमएवाल्यांनी तिच्या भरवशावर राहू नये.

मेल कसा लिहायचा?

'रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय अॅम हायली पॅशनेट अबाउट जेंडर...' हे सोडा. अशा मेलांचा ढीग पडतो. संस्था मराठीत काम करत असेल तर मेल मराठीत लिहा. असा:

"नमस्कार. मी स्त्री-अभ्यासाच्या एमएच्या पहिल्या वर्षाला आहे. माझं गाव परभणी जिल्ह्यात आहे. आम्हाला १२० तासांचं प्रत्यक्ष काम करायचं आहे. तुमचा शेतमजूर स्त्रियांवरचा अहवाल मी वाचला. त्यातल्या आरोग्याच्या प्रकरणाबद्दल मला अधिक शिकायचं आहे. मला मराठी टायपिंग, एक्सेल आणि मुलाखती उतरवणं येतं, मराठवाड्याची बोली माझीच आहे. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यातून चार दिवस देऊ शकेन. प्रवासखर्च किंवा मानधनाची काही सोय आहे का, तेही कळवावं. विभागाचं पत्र सोबत जोडलं आहे."

एवढंच. तुमची बोली, तुमचं गाव, तुमच्या घरातलं शेतीचं ज्ञान हे कौशल्य आहे, ते लिहा. मुंबईत वाढलेल्या मुलीला जे रेकॉर्डिंग तीनदा ऐकावं लागतं, ते तुम्हाला एकदाच ऐकावं लागेल. आणि पैशाचा प्रश्न त्या मेलमध्येच, एका वाक्यात. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा. कामाच्या गडबडीत मेल राहून जातो, लोक मुद्दाम टाळतात असं नाही.

हो आल्यावर लेखी काय घ्यायचं?

तारखा आणि तास. काम काय, दोन-तीन ओळींत. कोणाच्या हाताखाली, आणि आठवड्यातून एकदा त्यांच्याशी बसून बोलणं होईल का. पैसे किंवा खर्च. तुम्ही लिहिलेल्या अहवालात तुमचं नाव येणार का. प्रमाणपत्र कधी मिळणार. हे सगळं मेलवर आलं तरी पुरे, स्टॅम्पपेपर नको.

आणि एक गोष्ट जी फार कमी जणींना माहीत असते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इंटर्नलाही लागू होतो. पगार मिळत असो वा नसो. कायद्यातल्या 'कर्मचारी'च्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी येतात आणि स्वेच्छेने काम करणारेही येतात. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

शिवाय यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत 'कॅम्पस'च्या व्याख्येत इंटर्नशिपची जागाही धरलेली आहे. म्हणजे तुम्ही तुमच्या विद्यापीठाच्या समितीकडेही जाऊ शकता. 'ते बाहेर घडलं, आमचा संबंध नाही' असं विभाग म्हणू शकत नाही.

संस्था स्त्रियांसाठी काम करते म्हणून तिथे असं होणारच नाही, हे गृहीत धरू नका. पहिल्याच दिवशी विचारा, 'इथली अंतर्गत समिती कोण?' त्यांनी कसं उत्तर दिलं, त्यावरून जागा कशी आहे ते कळतं.

तुमचा फोन, त्यांचं आयुष्य

आता माझ्या विषयावर येते.

घर सोडून आलेली बाई तुमच्यासमोर बोलते आणि तुम्ही फोनवर रेकॉर्ड करता. ते रेकॉर्डिंग जातं कुठे, याचा विचार केलाय?

फोनमध्ये ऑटो बॅकअप चालू असेल तर ते क्लाउडवर गेलं. तेच खातं घरच्या टीव्हीवर किंवा भावाच्या लॅपटॉपवर उघडं असेल तर तिथेही पोचलं. वस्तीत काढलेल्या फोटोत लोकेशन चालू असेल तर तिचा पत्ता त्या फाईलमध्ये आहे. फाईलला तुम्ही 'सुनीता_केस_२' असं नाव दिलंत, तर ते स्क्रीनवर कोणालाही दिसतं. तिचा नंबर सेव्ह केलात की तो कॉन्टॅक्ट-सिंकमधून आणखी कुठल्या अॅपकडे जाईल, सांगता येत नाही. आणि सगळ्यात नवीन भानगड म्हणजे मोफत एआय अॅपवर रेकॉर्डिंग टाकून मजकूर करून घेणं. वेळ वाचतो, मान्य! पण तिचा आवाज कोणाच्या तरी सर्व्हरवर जातो, आणि त्याला तिने परवानगी दिलेली नसते.

म्हणून हे करा. आधी तिला विचारा, तिच्या भाषेत, आणि 'नाही' म्हणायची मोकळीक द्या. शक्यतो संस्थेचंच रेकॉर्डर वापरा. स्वतःचा फोन वापरावाच लागला तर बॅकअप आणि लोकेशन बंद. फाईलला नाव नको, 'क-०७' असा कोड. कोड आणि खरं नाव यांची यादी वेगळी, संस्थेकडे, कुलपात. व्हॉट्सअॅपवरून फाईल पाठवायची नाही, ती पलीकडच्या गॅलरीत आपोआप जाऊन बसते. काम संपलं की संस्थेला द्या आणि आपल्याकडून काढा, ट्रॅशमधूनही. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल ३० दिवस पडून असते.

तुम्हाला ते रेकॉर्डिंग म्हणजे असाइनमेंट. तिचा नवरा तिला शोधत असेल, तर तो पत्ता आहे.

आणि तुमची स्वतःची काळजी

दिवसभर मारहाणीच्या गोष्टी ऐकून रात्री झोप लागत नाही, हे कमकुवतपणाचं लक्षण नाही. अनुभवी कार्यकर्त्यांनाही होतं. आठवड्याची बैठक त्यासाठीच मागायची. जिथे कोणीच तुमच्याशी बोलायला बसत नाही, तिथे विभागातल्या मार्गदर्शक बाईंना कळवा. आणि एखाद्या बाईला तातडीची मदत लागली तर आपण एकटीने धावायचं नाही. संस्थेतल्या ताईंना सांगायचं, महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीला ११२.

तर, त्या मेलचं उत्तर

ताई, मुंबईच्या त्या संस्थेला आधी एक फोन कर. १२० तासांत बसवता येईल का, अर्धं काम परभणीहून होईल का आणि प्रवासखर्च मिळेल का, हे तीन प्रश्न विचार. तीनपैकी दोनांना हो आलं आणि तुला हवं ते काम शिकायला मिळणार असेल, तर जा. तिन्हींना नाही आलं, तर कर्ज काढून किंवा आईचं मंगळसूत्र गहाण ठेवून जाऊ नकोस. तुझ्या जिल्ह्यातल्या वन स्टॉप सेंटरला नाहीतर माविमच्या कार्यालयात विभागाचं पत्र घेऊन जा. तिथेही बायका येतात, तिथेही नोंदवही असते आणि त्या नोंदवहीत 'इतर'चा रकानाही असतोच.

आणि जे ऐकताय त्यांच्यापैकी कोणी संस्थेत काम करत असेल, तर एक विनंती. पुढच्या प्रकल्पाचं बजेट लिहिताना इंटर्नच्या प्रवासाची एक ओळ टाका. दोन-तीन हजारांचीही चालेल. त्या एका ओळीने कोण आत येऊ शकतं, ते बदलतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही अशी इंटर्नशिप केली असेल, तर किती तास केलेत, पैसे मिळाले का आणि काय शिकलात ते कळवा. नाव न देता पुढच्या भागात वाचून दाखवेन. आणि वर्गातली कोणी याच पेचात असेल, तर हा भाग तिला पाठवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!